बडतर्फी, गैरवर्तणुकीबद्दलची

गैरवर्तणुकीच्या आरोपावरून मालकाने कामगारास नोकरीतून शिक्षा म्हणून काढून टाकणे. ही बडतर्फी नियमांस धरून झाली नाही, आरोप सिद्ध न होता झाली किंवा अपराधाच्या मानाने फार कठोर ठरली, तर कामगारास तिच्याविरुद्ध दाद मागता येते. उद्योगात शिस्त राखण्याचा मालकाचा अधिकार आणि निष्कारण उपजीविका न गमावण्याचा कामगाराचा हक्क या दोहोंचा मेळ घालणे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

संज्ञा : नोकरी संपुष्टात येण्याचे अनेक प्रकार आहेत. बडतर्फी ही शिक्षा असून ती दोषारोप व चौकशी यांनंतर दिली जाते. सेवासमाप्ती ही कराराप्रमाणे नोटीस देऊन केली जाते. तीत वरकरणी कलंक नसतो. परंतु आदेशाच्या शब्दांमागे गैरवर्तणुकीचाच आरोप दडलेला असेल, तर न्यायालय बाह्य रूप दूर सारून तिला बडतर्फीच समजते. कामगार जास्त झाल्यामुळे केलेली कपात यांहून वेगळी असून तीत नोटीस व भरपाई देणे बंधनकारक असते. निलंबन ही सामान्यतः शिक्षा नसून चौकशी पुरी होईपर्यंत कामगारास कामापासून दूर ठेवण्याची तात्पुरती व्यवस्था असते.

पार्श्वभूमी : इंग्लंडमधील धनी-सेवक विधीनुसार धन्याला नोटीस देऊन, किंवा गंभीर दोष घडल्यास नोटिशीविनाही, सेवकास दूर करता येई. धन्याने करारभंग केला, तरी सेवकास नोटिशीच्या मुदतीपुरते वेतन मिळे. गेलेली नोकरी परत मिळत नसे. भारतातील विनिर्दिष्ट अनुतोषाच्या कायद्यानेही व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालयाने बळाने पाळावयास लावू नये, हेच तत्त्व स्वीकारले. याउलट १८५९ च्या कामगार करारभंग अधिनियमाने, आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या कामगारास मात्र फौजदारी शिक्षेची तरतूद केली होती. त्याच्या निरसनाचा कायदा १९२५ मध्ये झाला.

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ याने हे चित्र पालटले. औद्योगिक न्यायाधिकरणास केवळ कराराची अंमलबजावणी करावयाची नसून औद्योगिक शांततेसाठी नवे हक्क व नवी कर्तव्येही निर्माण करता येतात, असे मानले जाऊ लागले. मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात संघ न्यायालयाने १९४९ मध्ये, न्यायाधिकरणास बडतर्फ कामगाराची पुनःस्थापना करण्याचा आदेश देता येतो, असा निर्णय दिला. दिवाणी न्यायालय जे देऊ शकत नव्हते, ते देण्याचा अधिकार अशा रीतीने न्यायाधिकरणास मिळाला.

तथापि एक अडचण शिल्लक राहिली. या अधिनियमाची सारी रचना सामूहिक विवादावर आधारलेली होती. एकट्या कामगाराची बडतर्फी संघटनेने किंवा पुरेशा सहकाऱ्यांनी उचलून धरल्याशिवाय तिला औद्योगिक विवादाचे स्वरूप येत नसे. ज्याच्या पाठीशी संघटना नाही, त्याच्यासाठी कायद्याचे दार जवळजवळ बंदच असे. १९६५ मध्ये कलम २ (अ) समाविष्ट करून वैयक्तिक बडतर्फी हाही औद्योगिक विवादच मानण्यात आला. २०१० च्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवसांनंतर, शासनाच्या निर्देशाची वाट न पाहता, थेट न्यायालयाकडे जाण्याची मुभा मिळाली.

वऱ्हाडातील स्थिती : अमरावती, अकोला हे जिल्हे स्वातंत्र्याच्या वेळी मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत. या प्रांताने १९४७ मध्ये स्वतःचा औद्योगिक विवाद समझोता अधिनियम केला. त्याच्या कलम १६ अन्वये, अधिसूचित उद्योगातील बडतर्फ कामगारास पुनःस्थापनेसाठी व बुडालेल्या वेतनासाठी श्रम आयुक्ताकडे स्वतः अर्ज करता येई. केंद्रीय अधिनियमाखालील कामगारास जे १९६५ मध्ये लाभले, ते या प्रांतातील कामगारास सु. १८ वर्षे आधी उपलब्ध होते.

या तरतुदीचा कस सेंट्रल प्रॉव्हिन्सेस ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस या बस कंपनीच्या प्रकरणात लागला. कंपनीचा माल चोरीस गेल्यावरून १९५० मध्ये एका यंत्रकारागिरास चौकशीअंती बडतर्फ करण्यात आले. फौजदारी खटल्यात तो पुढे निर्दोष सुटला. परंतु कंपनीने त्यास परत घेतले नाही. एकट्या माणसाची तक्रार हा औद्योगिक विवाद नव्हे आणि बडतर्फ झालेला माणूस आता ‘कर्मचारी’ही नव्हे, असा कंपनीचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये तो अमान्य केला. या प्रांतिक कायद्याने व्यक्तीसाठी स्वतंत्र उपाय ठेवला आहे आणि त्यातील ‘कर्मचारी’ या संज्ञेत बडतर्फ व्यक्तीही अंतर्भूत होते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर, १९६० च्या दशकात, मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ हा विदर्भासही लागू झाला आणि जुना प्रांतिक कायदा मागे पडला.

अकोला जिल्ह्याच्या उत्तर भागातील तेल्हारा या तालुक्याच्या गावी बडतर्फीचा प्रश्न ज्या स्वरूपात उद्भवतो, ते स्वरूप कापूसपट्ट्यातील बहुतेक लहान गावांना लागू पडते. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने, राज्य परिवहन महामंडळाचे आगार, नगरपरिषद, बाजार समिती, सहकारी संस्था व खाजगी शाळा या येथील नोकरी देणाऱ्या संस्था होत. एक नोकरी गेली, तर तशीच दुसरी गावात सहसा मिळत नाही. ‘चोरीच्या आळावरून काढलेला’ असा शिक्का बसलेल्या माणसाची पत किराणा दुकानापासून सोयरिकीपर्यंत सर्वत्र घसरते. दाव्याच्या प्रत्येक तारखेस जिल्ह्याच्या ठिकाणी, अकोल्यास जावे लागते व त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे कायद्याने दिलेला हक्क किती दिवसांत हाती येतो, यास येथे हक्काइतकेच महत्त्व आहे.

गैरवर्तणूक : गैरवर्तणुकीची सर्वसमावेशक व्याख्या कायद्यात नाही. औद्योगिक नियोजन (स्थायी आदेश) अधिनियम, १९४६ याने मात्र मोठ्या आस्थापनांना गैरवर्तणुकीची कृत्ये नमूद करणारे स्थायी आदेश प्रमाणित करून घेणे बंधनकारक केले. केंद्रीय अधिनियम १०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता; महाराष्ट्रात ही मर्यादा ५० होती. आदर्श स्थायी आदेशांत वरिष्ठांची हेतुपुरस्सर अवज्ञा, चोरी व अफरातफर, मालमत्तेची बुद्ध्या नासधूस, लाच, रजेवाचून १० दिवसांहून अधिक गैरहजेरी, नेहमीचा उशीर, दंगामस्ती व कामातील नेहमीचा निष्काळजीपणा ही कृत्ये आढळतात. यांपैकी ‘नेहमीचा’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. एका दिवसाचा उशीर हा दोष असला, तरी तो या सदरात येत नाही.

स्थायी आदेशांत नमूद नसलेल्या कृत्याबद्दल शिक्षा देता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद महानगरपालिकेच्या एका प्रकरणात १९८५ मध्ये सांगितले. कारखान्याबाहेर घडलेल्या कृत्याचा कामाशी निकटचा संबंध असावा लागतो, हे ग्लॅक्सो लॅबोरेटरीजच्या प्रकरणात त्यापूर्वीच स्पष्ट झाले होते. तेल्हाऱ्याच्या आठवडी बाजारात दोन कामगारांची बाचाबाची झाली, तर केवळ दोघे एकाच कारखान्यात आहेत म्हणून ती कारखान्यातील गैरवर्तणूक होत नाही.

कृत्याचे गांभीर्य कामाच्या स्वरूपावरही अवलंबून असते. मोकळ्या आवारात बिडी ओढणे हा किरकोळ दोष ठरेल. पण रुईचे ढीग रचलेल्या सरकी कारखान्यात तीच बिडी संपूर्ण कारखाना व त्यातील माणसे भस्मसात करू शकते. म्हणूनच मनाई असलेल्या जागी धूम्रपान करणे हे आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तणूक म्हणून स्वतंत्रपणे नमूद केलेले आढळते.

अंतर्गत चौकशी : बडतर्फीपूर्वी मालकाने चौकशी करावी, ही अपेक्षा नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांतून आली आहे. तिचे टप्पे सामान्यतः असे असतात : आरोप, वेळ व स्थळ स्पष्टपणे सांगणारे दोषारोपपत्र, खुलाशासाठी पुरेसा अवधी, प्रकरणात हितसंबंध नसलेला चौकशी अधिकारी, कामगाराच्या समक्ष साक्षीपुरावा व उलटतपासणीची संधी, बचावाचे साक्षीदार, कारणांसहित निष्कर्ष आणि शेवटी शिक्षेचा आदेश. ज्याने तक्रार केली, त्यानेच चौकशी अधिकारी होणे किंवा कामगारास न समजणाऱ्या भाषेत कागदपत्रे देऊन सही घेणे, हे दोष चौकशी निष्फळ ठरविण्यास पुरेसे असतात. चौकशी अहवालाची प्रत शिक्षेपूर्वी दोषारोपिताला मिळावयास हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये घालून दिले. मालकाच्या बाजूने कायदेतज्ञ अधिकारी उभे असतील, तर कर्मचाऱ्यासही वकिलाची मदत नाकारता येत नाही, हे मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या प्रकरणात ठरले.

चौकशी म्हणजे मात्र फौजदारी खटला नव्हे. तीत पुरावा अधिनियमाचे काटेकोर नियम लागू होत नाहीत व संशयातीत सिद्धतेची गरज नसते. संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढे पाहिले जाते. हरयाणातील एका बसवाहकाने अकरा उतारूंना तिकिटे दिली नसल्याचे तपासणी पथकास आढळले. परंतु उतारूंचे जबाब घेतले गेले नव्हते. तरीही पथकातील निरीक्षकाची साक्ष पुरेशी मानून सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये त्याची सेवासमाप्ती कायम केली. पैशाशी संबंध असलेल्या पदावरील अप्रामाणिकपणाकडे न्यायालये कठोरपणे पाहतात. रक्कम लहान आहे, हा बचाव तेथे सहसा टिकत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारीत तक्रार समितीचा अहवाल हाच चौकशी अहवाल मानला जातो. १९९७ च्या विशाखा निर्णयातून निघालेले हे सूत्र २०१३ च्या अधिनियमाने वैधानिक पायावर आणले.

निलंबनाच्या काळात कामगारास निर्वाह भत्ता द्यावा लागतो. १९८२ च्या दुरुस्तीने तो पहिले ९० दिवस वेतनाच्या निम्मा व त्यानंतर, विलंबास कामगार जबाबदार नसल्यास, ७५ टक्के असा ठरविण्यात आला. हातात पैसा नसलेला माणूस चौकशीत बचाव करू शकत नाही, हे त्यामागील कारण होय.

न्यायालयीन हस्तक्षेप : इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात हस्तक्षेपाची चार कारणे सांगण्यात आली : सद्हेतूचा अभाव, सूडबुद्धी किंवा अनुचित प्रथा, नैसर्गिक न्यायाचा भंग आणि पुराव्याशी सर्वस्वी विसंगत निष्कर्ष. शिक्षा किती द्यावी, हे मात्र मालकाच्याच अधिकारात राहिले. तरीही शिक्षा अतिरेकी असेल, तर तिच्यामागे सूडबुद्धी आहे असे मानले जाई. १ जानेवारी १९६१ हा सुटीचा दिवस रविवारी आल्याने सोमवार हाच सुटीचा दिवस धरून अकरा कामगार त्या दिवशी कामावर आले नाहीत आणि हिंद कन्स्ट्रक्शन कंपनीने त्यांना बडतर्फ केले. असा दंड कोणताही विचारी मालक करणार नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निर्णय दिला.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६३ च्या शिफारशीचा परिणाम म्हणून १९७१ मध्ये औद्योगिक विवाद अधिनियमात कलम ११ (अ) घालण्यात आले. त्यामुळे पुराव्याचे स्वतः मूल्यमापन करण्याचा आणि बडतर्फीऐवजी सौम्य शिक्षा देण्याचा अधिकार न्यायाधिकरणास मिळाला. चौकशी सदोष असली किंवा झालीच नसली, तरी मालकास न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देता येतो, हे फायरस्टोन कंपनीच्या प्रकरणात १९७३ मध्ये स्पष्ट झाले.

महाराष्ट्राचा अधिनियम : महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, १९७१ हा ८ सप्टेंबर १९७५ पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीत अनुचित बडतर्फीचे सात प्रकार दिले आहेत : सूडबुद्धीने केलेली, सद्हेतूने नव्हे, तर अधिकाराचा केवळ देखावा करून केलेली, खोट्या पुराव्यावर फौजदारी प्रकरणात गोवून केलेली, उघड खोट्या कारणासाठी केलेली, विनारजा गैरहजेरीचा बनावट आरोप ठेवून केलेली, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा अवाजवी घाईने केलेली, आणि किरकोळ अथवा तांत्रिक दोषाबद्दल, पूर्वीची सेवा लक्षात न घेता, धक्कादायक प्रमाणात कठोर अशी केलेली. तक्रार ९० दिवसांत कामगार न्यायालयाकडे करावयाची असते. विलंबास सबळ कारण असल्यास तो माफ होऊ शकतो. कामगार स्वतःच तक्रार करू शकतो आणि न्यायालय अंतरिम आदेशही देऊ शकते. कामगार न्यायालयाच्या आदेशावर औद्योगिक न्यायालयाकडे पुनरीक्षण व त्यानंतर, विदर्भापुरते, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जाता येते.

शिक्षेचे प्रमाण कसे ठरते, हे महाराष्ट्रातील दोन प्रकरणांच्या तुलनेवरून ध्यानात येते. कलर-केम कंपनीत रात्रपाळीत यंत्रे चालू असताना झोपलेल्या कामगारांची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये टिकू दिली नाही. दोष गंभीर असला, तरी शिक्षा इतकी विषम आहे की तीच कायद्याच्या दृष्टीने सूडबुद्धी ठरते, असा न्यायालयाचा आशय होता. भारत फोर्ज कंपनीचा एक कामगार १९८३ मध्ये सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी झोपलेला आढळला. त्याच्या सेवापुस्तकात पूर्वीच्या तीन शिक्षांची नोंद होती. २००५ मध्ये त्याची बडतर्फी योग्य ठरविण्यात आली. दोष एकच, परंतु पूर्वेतिहास वेगळा, म्हणून निर्णय वेगळे झाले. त्याच वर्षी महिंद्र अँड महिंद्र कंपनीच्या प्रकरणात, वरिष्ठास अर्वाच्य शिवीगाळ करणाऱ्या कामगाराची बडतर्फीही कायम राहिली.

हंगामी कामगार व गैरहजेरी : सरकी काढण्याचा धंदा कापसाच्या हंगामापुरता चालतो. हंगाम संपल्यावर काम थांबणे म्हणजे बडतर्फी नव्हे. परंतु पुढील हंगामात इतर सर्वांना बोलावून संघटनेत पुढाकार घेणाऱ्या एकालाच वगळले, तर त्या वगळण्यामागे दडलेली शिक्षा न्यायालयास तपासता येते. दुसरा वारंवार उद्‌भवणारा प्रश्न गैरहजेरीचा आहे. पेरणीसाठी किंवा घरच्या आजारपणामुळे कामगार काही दिवस आला नाही, की त्याने काम स्वतःहून सोडले, असे मालक समजतो. स्थायी आदेशात तशी तरतूद असली, तरी कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून त्याचे नाव हजेरीपटावरून काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ठरविले. अशा वेळी मालकाने कामावर येण्याविषयी पाठविलेले पत्र आणि कामगाराने दिलेला रजेचा अर्ज हेच निर्णायक पुरावे ठरतात. लहान कारखान्यांत हजेरीपत्रक, वेतनपावती किंवा नेमणूकपत्र पुष्कळदा कामगाराजवळ नसते. तेथे आपण नोकरीस होतो, हेच प्रथम सिद्ध करण्याची वेळ त्याच्यावर येते.

परिहार : बडतर्फी अनुचित ठरल्यास पुनःस्थापना, सेवेचे सातत्य, मागील वेतन, सौम्य शिक्षा किंवा एकरकमी भरपाई असे परिहार संभवतात. पुनःस्थापनेबरोबर पूर्ण मागील वेतन हा सर्वसाधारण नियम होय, असे हिंदुस्थान टिन वर्क्सच्या प्रकरणात १९७८ मध्ये सांगण्यात आले. मधल्या काळात निर्णयांचा कल बदलला; तथापि महाराष्ट्रातील एका शिक्षिकेच्या दाव्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम पुन्हा अधोरेखित केला. आपण अन्यत्र नोकरीस नव्हतो, असे कामगाराने प्रथम सांगावयाचे आणि तसे नसल्यास मालकाने ते सिद्ध करावयाचे, अशी पुराव्याची वाटणी आहे. वरच्या न्यायालयांत प्रकरण रेंगाळले, तर त्या काळात शेवटचे वेतन देत राहण्याची तरतूद कलम १७ (ब) अन्वये १९८४ पासून लागू झाली. विश्वासाच्या पदावरील विश्वास उडाला असेल किंवा आस्थापना बंद झाली असेल, तर पुनःस्थापनेऐवजी भरपाई देण्याकडे कल असतो.

इतर कर्मचारी : सर्वच नोकरदार या कायद्यांच्या कक्षेत येत नाहीत. शासकीय सेवकांस संविधानाच्या अनुच्छेद ३११ चे संरक्षण असून महाराष्ट्रात त्यांच्या चौकशा १९७९ च्या शिस्त व अपील नियमांनुसार होतात. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र अधिनियम असून बडतर्फीविरुद्ध ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावे लागते. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तींना बहुधा दिवाणी करारावरच अवलंबून राहावे लागते.

राज्य परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झाला व राज्यभर एसटी वाहतूक ठप्प झाली. शासनात विलीनीकरण ही संपाची मुख्य मागणी होती. संपकाळात हजारो कर्मचारी निलंबित वा बडतर्फ झाले. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत रुजू होण्याची मुदत दिली आणि त्यानंतर बडतर्फ कर्मचाऱ्यांचा परतीचा मार्ग खुला झाला. सामूहिक कृतीबद्दल व्यक्तिशः शिक्षा देताना प्रत्येकाचा वाटा वेगळा तपासावा लागतो, ही बाब या संपाने पुन्हा पुढे आणली.

अन्य देश : मेक्सिकोच्या १९१७ च्या संविधानात अकारण बडतर्फीविरुद्ध तरतूद होती. पश्चिम जर्मनीने १९५१ मध्ये व ब्रिटनने १९७१ मध्ये यासंबंधी कायदे केले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र, करार किंवा विशेष कायदा आड येत नसेल तर, मालकास मर्जीनुसार नोकरी संपविता येते, हे तत्त्व पुष्कळ अंशी टिकून आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९८२ मध्ये संमत केलेल्या १५८ व्या संकेताने सेवासमाप्तीस वैध कारण व बचावाची संधी आवश्यक मानली. भारताने त्याचे अनुसमर्थन केलेले नाही.

औद्योगिक संबंध संहिता : औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व तिने १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम, १९४६ चा स्थायी आदेश अधिनियम आणि १९२६ चा कामगार संघ अधिनियम निरसित केले. वैयक्तिक बडतर्फी हा औद्योगिक विवाद असल्याचे तत्त्व, शिक्षा सौम्य करण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार व निर्वाह भत्ता या बाबी संहितेत कायम आहेत. निलंबित कामगाराची चौकशी सामान्यतः ९० दिवसांत पूर्ण व्हावी, असे तीत म्हटले आहे. मात्र समेट अधिकाऱ्यापुढे विवाद आणण्याची मुदत दोन वर्षांची झाली आणि स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती उरली. महाराष्ट्राचा १९७१ चा अधिनियम केंद्राच्या निरसन-सूचीत नाही.

तेल्हाऱ्यासारख्या गावातील कारखाने या नव्या मर्यादेच्या फार खाली असतात. लेखी स्थायी आदेश नसले, तरी आरोप कळविणे, म्हणणे ऐकणे व दोषाच्या प्रमाणात शिक्षा देणे ही कर्तव्ये टळत नाहीत. ती पाळणे मालकाच्याही हिताचे असते. कारण खरोखरच दोषी असलेला कामगारही सदोष चौकशीमुळे अनेक वर्षांच्या वेतनासह परत येऊ शकतो. उलटपक्षी, निर्दोष कामगारास उशिरा मिळालेली पुनःस्थापना त्याची नोकरी परत देते. मधल्या वर्षांत विकावी लागलेली जमीन किंवा मुलांचे खंडित झालेले शिक्षण परत देऊ शकत नाही.